वेम्बलीत त्या दिवशी माणसे किती होती?

१,२६,०४७. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या दप्तरात २८ एप्रिल १९२३ या तारखेसमोर हा आकडा लिहिलेला आहे. शेवटचे सत्तेचाळीस पाहून वाटते, कुणीतरी बोटावर बोट ठेवून मोजले असणार. मोजलेही होते. दारावरच्या फिरत्या फाटकांतून जेवढी माणसे तिकीट काढून आत गेली, तेवढी मोजली. भिंती चढून, कुंपणे वाकवून, बंद दारे रेटून जी आत आली, त्यांचा हिशेब ठेवायला तिथे कुणी उभे नव्हते. कुणी दोन लाख म्हटले, कुणी अडीच, कुणी तीन. एका फुटबॉल सामन्याच्या हजेरीत पाऊण लाखापासून पावणेदोन लाखांपर्यंतची तफावत, आणि ती शंभर वर्षांनंतरही मिटलेली नाही.

लंडनच्या वायव्येला असलेल्या वेम्बलीच्या इतिहासात आकडे पैशाला पासरी सापडतात. स्टेडियमवाल्यांना आकडे सांगायची भारी हौस. संडास किती, जिन्याच्या पायऱ्या किती, पोलाद किती, सगळे तोंडपाठ. पण या जागेचे खरे दुखणे पहिल्या दिवसापासून एकच राहिले आहे: आत माणसे किती, आणि त्यांना धरून कसे ठेवायचे. बाकीचे आकडे त्या एका न सापडलेल्या आकड्याच्या मागून आलेले आहेत, असे माझे मत.

गंमत अशी की ही जागा मुळात फुटबॉलसाठी नव्हतीच. सर एडवर्ड वॉटकिन हा मेट्रोपोलिटन रेल्वेचा अध्यक्ष. १८८९ साली पॅरिसमध्ये ३०० मीटरचा आयफेल टॉवर उभा राहिला आणि याच्या पोटात दुखायला लागले. लंडनजवळ त्याहून उंच मनोरा बांधायचा, लोक तो बघायला आपल्याच रेल्वेने येतील आणि तिकिटांचा पैसा आपल्याच गल्ल्यात पडेल, असा सरळ व्यापारी हिशेब. त्याने आधी खुद्द आयफेललाच आराखडा करायला बोलावले. आयफेलने नकार दिला. फ्रेंच माणूस इंग्रजांना आपल्याहून उंच मनोरा बांधून देतो म्हटल्यावर मायदेशात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मग स्पर्धा जाहीर झाली, ६८ आराखडे आले. निवडलेला मनोरा सुमारे ३६६ मीटर उंच होणार होता. प्रत्यक्षात झाला ४७ मीटर. पहिला मजला उभा राहिला, पाया खचू लागला, पैसा संपला, वॉटकिन १९०१ साली वारला, आणि १९०७ साली ते लोखंडी बुडखे सुरुंग लावून पाडले. लोक त्याला ‘वॉटकिनचा मूर्खपणा’ म्हणत. त्या मनोऱ्याच्या जागेवरच पुढे स्टेडियम आले, आणि जवळजवळ शतकानंतर तिथे नवे स्टेडियम बांधायला खोदले तेव्हा मनोऱ्याचा पाया पुन्हा वर आला.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश साम्राज्याने आपला बडेजाव जगाला दाखवायचे ठरवले. साम्राज्य प्रदर्शन. दोन हंगाम, १९२४ आणि १९२५, मिळून सुमारे २ कोटी ७० लाख भेटी. भारताचे दालन होते, कॅनडाच्या दालनात युवराजाचा लोण्याचा पुतळा होता, थंड पेटीत ठेवलेला. या सगळ्याच्या मध्यभागी ‘एम्पायर स्टेडियम’. जानेवारी १९२२ मध्ये पहिली कुदळ पडली आणि रॉबर्ट मॅकआल्पाइनच्या कंपनीने ३०० दिवसांत ते उभे केले. अडीच लाख टन माती उपसली, २५,००० टन काँक्रीट ओतले, सुमारे पाच लाख रिव्हेट ठोकले. खर्च साडेसात लाख पौंड. दर्शनी बाजूला ३८ मीटर उंचीचे दोन पांढरे मनोरे. मजबुती तपासायला सैनिकांची तुकडी आणून पायऱ्यांवर जागच्या जागी पाय आपटायला लावले होते, असा किस्सा सांगतात. काम संपले ते पहिल्या सामन्याच्या अवघे चार दिवस आधी.

पहिल्या कुदळीची ती तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिच्या जेमतेम महिनाभर आधी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, याच फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली होती. फुटबॉल हा खेळ बायकांना योग्य नाही, असे कारण दिले. त्याच्या वर्षभर आधी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना पाहायला ५३,००० लोक आले होते. बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. आणि ३१ जुलै २०२२ रोजी वेम्बलीवर इंग्लंडच्या बायकांनी जर्मनीला २–१ हरवले तेव्हा हजेरी होती ८७,१९२. युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या कुठल्याही अंतिम सामन्याला, पुरुषांच्या धरून, तोवर एवढे लोक आलेले नव्हते.

आता त्या एप्रिलच्या शनिवाराकडे. एफ.ए. कपचा अंतिम सामना, बोल्टन वॉन्डरर्स विरुद्ध वेस्ट हॅम युनायटेड. आयोजकांना काळजी एकाच गोष्टीची होती: एवढे मोठे स्टेडियम भरणार कसे? आधीची तीन वर्षे हा सामना स्टॅमफर्ड ब्रिजवर होत होता आणि १९२२ साली तिथे ५३,०००च लोक आले होते. इथे तर सव्वा लाखाहून अधिक जागा. म्हणून त्यांनी जोरात जाहिरात केली आणि बहुतेक जागा दारावर पैसे भरून मिळतील असे ठेवले. पुढचा गोंधळ या एका निर्णयातून झाला. वेस्ट हॅमचा संघ लंडनचाच, हवा छान, स्टेडियम कोरे करकरीत, राजा पाचवा जॉर्ज स्वतः येणार, शिवाय रेल्वेचे जाळे दाराशी. घरी बसायला कुणाला काही कारण उरले नव्हते.

साडेअकराला दारे उघडली, पावणेदोनला बंद केली. मधली वेळ सव्वादोन तास, म्हणजे ८,१०० सेकंद. अधिकृत आकडाच खरा धरला तरी दर सेकंदाला पंधरा-सोळा माणसे, सलग सव्वादोन तास. त्यातही एक वाजेपर्यंत ओघ शिस्तीत चालला होता, म्हणजे खरा लोंढा शेवटच्या पाऊण तासातला. दारे बंद झाल्याची खबर स्थानकांवर पाठवली, पण गाड्या येतच राहिल्या. बाहेर हजारो लोक, त्यांच्यामागे आणखी हजारो. पुढच्यांनी दारे रेटली, कारण मागचे त्यांना रेटत होते. बोल्टनच्या खेळाडूंना तर स्टेडियमपासून मैलभरावर गाडी सोडून गर्दीतून चालत यावे लागले. आतल्या पायऱ्या भरल्यावर माणसे उतारावरून खाली घरंगळल्यासारखी मैदानात आली आणि थोड्या वेळात हिरवळ दिसेनाशी झाली.

इथे आपण थोडे गणित करू. मैदान साधारण १०५ मीटर लांब, ६९ मीटर रुंद. म्हणजे ७,२०० चौरस मीटर. भोवतीचा पट्टा धरून ढोबळमानाने दुप्पट करा, साडेचौदा हजार. पायऱ्यांवर ठरल्याप्रमाणे १,२७,००० माणसे मावली असे धरले, तर तीन लाखांच्या दाव्यात १,७३,००० माणसे उरतात. ती या साडेचौदा हजार चौरस मीटरमध्ये उभी करायची तर एका चौरस मीटरमध्ये बारा. हे होणे नाही. आजच्या ब्रिटिश नियमांत उभ्या प्रेक्षकांसाठी दर चौरस मीटरला पाचाच्या आतच माणसे चालतात. सहा-सातच्या पुढे गेले की माणूस स्वतःच्या पायांनी हलत नाही, गर्दी त्याला हलवते. उलट दोन लाखांचा दावा घेतला तर हिशेब दर चौरस मीटरला पाचावर येतो. घुसमट आहे, पण अशक्य नाही. म्हणून मला वाटते, आत पावणेदोन ते दोन लाख असावेत, आणि तीन लाख म्हणणाऱ्यांनी बाहेर अडकलेलेही त्यात मोजले असावेत. अर्थात हा कागदावरचा हिशेब. त्या दिवशी कुणी चौरस मीटर मोजत बसले नव्हते.

पावणेतीनला राजा आला. बँडने राष्ट्रगीत वाजवले, गर्दीने ते गायले, आणि तरीही मैदान काही रिकामे होईना. मग घोडेस्वार पोलीस आले. वरातीमागून घोडे म्हणतात तसे, पण कामाला आले. त्यांतला जॉर्ज स्कोरी आणि त्याचा घोडा बिली पुढे दंतकथा झाले. घोडा खरे तर करड्या रंगाचा. त्या काळच्या कृष्णधवल चित्रपटात तो पांढराशुभ्र दिसला आणि सामन्याला ‘पांढऱ्या घोड्याची फायनल’ हे नाव कायमचे चिकटले. स्कोरी एकटाच नव्हता, आणखी बरेच घोडेस्वार होते, पण कॅमेऱ्याला पांढराच दिसला. लोकांना हात धरून साखळी करायला लावत, इंच इंच मागे सारत त्यांनी मैदान मोकळे केले. पाऊण तास उशिराने खेळ सुरू झाला. संघटनेने नंतर स्कोरीला पुढच्या सामन्यांची तिकिटे देऊ केली; त्याला फुटबॉलमध्ये काडीचाही रस नव्हता.

खेळ असा झाला की सीमारेषा म्हणजे माणसांची भिंत. दुसऱ्याच मिनिटाला बोल्टनच्या डेव्हिड जॅकने वेम्बलीवरचा पहिला गोल मारला. त्या क्षणी वेस्ट हॅमचा ट्रेसडर्न चेंडू आत फेकायला गेला तो गर्दीतच अडकला होता, परत यायला वाट नव्हती. अकराव्या मिनिटाला लोक पुन्हा आत आले आणि खेळ थांबला. मध्यंतराला कपडे बदलायच्या खोलीपर्यंत जाणेच शक्य नव्हते. खेळाडू पाच मिनिटे मैदानातच उभे राहिले आणि बाजू बदलून परत खेळू लागले. बोल्टन २–० जिंकले. दुसरा गोल होण्याआधी चेंडू सीमेबाहेर चालला होता आणि प्रेक्षकांतल्या कुणीतरी तो पायाने परत ढकलला, अशी वेस्ट हॅमची तक्रार होती. सुमारे हजार लोक जखमी झाले. मृत्यू मात्र एकही नाही. तिकिटांचे उत्पन्न २७,७७६ पौंड. माणशी साडेचार शिलिंगही नाहीत. त्यातलेही दहा टक्के, आपल्या जागेपर्यंत पोहोचू न शकलेल्यांना परत द्यावे लागले. पुढच्या वर्षापासून तिकीट आधी घेतल्याशिवाय प्रवेश नाही, असा नियम झाला.

एकही मृत्यू नाही, हा मला त्या दिवसाचा सगळ्यात अचंबित करणारा आकडा वाटतो. तो नशिबाचा भाग होता, कारण तेव्हा पायऱ्या आणि मैदान यांच्यामध्ये उंच जाळी नव्हती. दाब वाढला की माणसे पुढे मैदानात सांडत होती. २३ वर्षांनी, ९ मार्च १९४६ रोजी, त्याच बोल्टन क्लबच्या स्वतःच्या बर्नडेन पार्क मैदानावर ८५,००० लोक कोंबले गेले आणि ३३ जण चेंगरून मेले. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर, जाळीमागे अडकून, ९७ जणांचा जीव गेला. तोही एफ.ए. कपचाच सामना होता, उपांत्य फेरीचा.

स्टेडियम बांधले, पहिला सामना गाजला, प्रदर्शन संपले, आणि मग ते कुणाला नकोसे झाले. प्रदर्शन तोट्यात गेले होते. वर्षातून एक मोठा सामना, आणि उरलेले दिवस हा पांढरा हत्ती पोसायचा कुणी? १९२७ साली ते पाडायचे घाटत होते. तेव्हा पुढे आला आर्थर एल्विन. हा प्रदर्शनात सिगारेटची टपरी चालवायचा. मग आणखी टपऱ्या घेतल्या, प्रदर्शन संपल्यावर तिथल्या इमारती मोडून भंगार विकले. भंगारवाल्याच्याच नजरेने त्याने स्टेडियमकडे पाहिले आणि १,२७,००० पौंड देऊ केले. साडेसात लाखांची वस्तू, एक-षष्ठांश भावात. रोख १२,०००, बाकी दहा वर्षांच्या हप्त्यांनी. विकणारा मधेच वारला, आणि व्यवहार इतक्या वळणांनी गेला की शेवटी एल्विन रोख पैसे न घेता शेअर घेऊन स्टेडियमच्या कंपनीचा अध्यक्ष झाला. टपरीपासून अध्यक्षपदापर्यंतचा प्रवास.

एल्विनने हत्ती पोसायची युक्तीही काढली: कुत्रे. १० डिसेंबर १९२७ रोजी पहिली ग्रेहाउंड शर्यत झाली आणि ५०,००० लोक सट्टा लावायला आले. तिथून पुढे सत्तर वर्षे, १९९८च्या डिसेंबरपर्यंत, वेम्बलीचा घरखर्च बराचसा कुत्र्यांनी चालवला. फुटबॉलचे मंदिर वगैरे विशेषणे ऐकताना हे लक्षात ठेवावे. १९६६ साली विश्वचषक इंग्लंडमध्ये होता. १५ जुलैला, शुक्रवारी, उरुग्वे–फ्रान्स सामना वेम्बलीवर व्हायचा होता, पण शुक्रवार कुत्र्यांच्या शर्यतीचा. स्टेडियमवाल्यांनी शर्यत रद्द करायला साफ नकार दिला, आणि विश्वचषकाचा सामना उचलून व्हाइट सिटी मैदानावर नेला. पंधरवड्यानंतर याच वेम्बलीत इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४–२ हरवून एकुलता एक विश्वचषक जिंकला, ९६,९२४ जणांसमोर.

१९४८चे ऑलिंपिक मात्र कुत्र्यांनी अडवले नाही. युद्धाने खंगलेल्या देशाने ५९ देशांचे चार हजारांवर खेळाडू बोलावले आणि नवी वास्तू न बांधता, असलेल्या मैदानांत सगळे निभावले. स्टेडियमकडे येणारा रस्ता जर्मन युद्धकैद्यांकडून करून घेतला. त्या ऑलिंपिकमध्ये आपले खाशाबा जाधव कुस्तीत सहावे आले. ती कुस्ती शहरात दुसरीकडे, अर्ल्स कोर्टला झाली. वेम्बलीच्या हिरवळीवर मात्र १२ ऑगस्ट १९४८ रोजी हॉकीचा अंतिम सामना झाला. भारत ४, ग्रेट ब्रिटन ०. स्वातंत्र्याला वर्ष व्हायला तीन दिवस कमी होते. ‘एम्पायर’ नावाच्या स्टेडियमवर, साम्राज्याच्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या मैदानात, त्याच साम्राज्यातून बाहेर पडलेल्या देशाने यजमानांना चार गोलांनी हरवले.

चेंडूशिवायची गर्दीही वेम्बलीने पुष्कळ पाहिली. १९७५ साली एव्हल निव्हल नावाच्या अमेरिकन धाडसवीराने मोटरसायकलवरून १३ बस ओलांडायचा प्रयत्न केला आणि कंबर मोडून घेतली. १९८२ साली पोपने प्रार्थना चालवली. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियाच्या दुष्काळासाठी ‘लाइव्ह एड’ झाला: मैदानात ७२,०००, आणि टीव्हीवर दीड अब्जाहून जास्त, म्हणे. हा दुसरा आकडाही १९२३च्या जातकुळीतला. ऐकायला भव्य आणि मोजायला कुणी नाही. त्या दिवशी ‘क्वीन’च्या फ्रेडी मर्क्युरीला मिळाली होती वीस-एकवीस मिनिटे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढलेला, फारुख बलसारा या मूळ नावाचा तो पारशी मुलगा. त्याने टाळ्यांचा ठेका द्यायला लावला आणि मैदानातल्या ७२,००० जोड्या हात एकाच वेळी वर जाऊ लागले. मायकेल जॅक्सनने १९८८ साली सात रात्री भरवल्या, पाच लाखांच्या वर लोक आले. टेलर स्विफ्टने २०२४ साली आठ केल्या, लोक साडेसात लाखांच्या आसपास.

बांधताना सव्वा लाखाहून अधिक माणसांसाठी असलेले हे स्टेडियम पुढे पुढे आकसत गेले. नंतर लाखाची मर्यादा आली. १९५३च्या नोव्हेंबरात हंगेरीने इंग्लंडला ६–३ धुतले तेव्हा पाहायला लाखावर लोक होते. हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल आला, उभ्याच्या पायऱ्या जाऊन सगळीकडे खुर्च्या आल्या, आणि वेम्बलीची क्षमता ऐंशी हजारांच्या आसपास उतरली. जागा तीच, वास्तू तीच, माणसे एक-तृतीयांशाने कमी. ७ ऑक्टोबर २००० रोजी जर्मनीच्या हामनने तिथला शेवटचा गोल मारला. इंग्लंड हरले आणि त्यांच्या प्रशिक्षकाने, केव्हिन कीगनने, सामना संपल्यावर स्टेडियमच्या संडासात उभ्या उभ्या राजीनामा सांगितला.

ते संडासही आता आकड्यांत गेले आहेत. जुन्या वेम्बलीत १९२३ साली ३६१ संडास होते असे सांगतात. पहिल्या दिवशीचा अधिकृतच आकडा घेतला तरी एका संडासामागे ३४९ माणसे. (एका मध्यंतरात काय झाले असेल, याची कल्पना न केलेली बरी. त्या दिवशी मध्यंतरही पाच मिनिटांचेच होते.) नव्या वेम्बलीत २,६१८ संडास आहेत आणि खुर्च्या ९०,०००. एकामागे चौतीस. ८४ वर्षांत दहापट सुधारणा झालेली दुसरी कुठली गोष्ट फुटबॉलमध्ये असेल असे वाटत नाही.

नवे स्टेडियम २००७ साली उघडले. त्याची माणशी मापे काढली की डोके गरगरते. जुन्यात २५,००० टन काँक्रीट, म्हणजे एका प्रेक्षकामागे साधारण २०० किलो. नव्यात ९०,००० घनमीटर काँक्रीट, म्हणजे प्रत्येक खुर्चीमागे बरोबर एक घनमीटर. वजनात सुमारे २,४०० किलो. शिवाय पोलाद २३,००० टन, खुर्चीमागे अडीचशे किलो. जुन्या स्टेडियमने प्रत्येक माणसासाठी जेवढे काँक्रीट वापरले, त्याहून जास्त नव्याने पोलादच वापरले. पायाला ४,००० खांब, सर्वांत खोल ३५ मीटर. राजाच्या सज्जापर्यंत पूर्वी ३९ पायऱ्या चढाव्या लागायच्या, आता १०७; चषक घ्यायला जाणाऱ्या दमलेल्या खेळाडूंना कुणी विचारलेले दिसत नाही. आणि साध्या खुर्चीसमोर पाय पसरायला जुन्या शाही सज्जापेक्षाही जास्त जागा, असा मालकांचा दावा.

छताला आतून खांब नकोत, कुणाचीही दृष्टी अडायला नको, म्हणून वर कमान. जमिनीपासून १३३ मीटर उंच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३१५ मीटर, वजन १,७५० टन. १८८९च्या आयफेल टॉवरची उंची ३०० मीटर होती. म्हणजे वॉटकिनला ज्याच्यापुढे जायचे होते, त्याहून पंधरा मीटर जास्त लोखंड त्याच्याच जागेवर आता आडवे पसरले आहे. या कमानीची नळी एवढी रुंद की इंग्लिश खाडीखालून धावणारी रेल्वे तिच्यातून जाईल, असे स्टेडियमवाले सांगतात. वॉटकिनला हे ऐकून हसावे की रडावे कळले नसते. खाडीखालच्या बोगद्याचा ध्यास १८८०च्या सुमारास त्यानेच घेतला होता, आणि खोदायला सुरुवातही केली होती. सरकारने काम थांबवले.

खर्च ७५ कोटी ७० लाख पौंड. जुन्या स्टेडियमचा खर्च माणशी सहा पौंड येतो, नव्याचा खुर्चीमागे ८,४००. महागाईने या काळात पौंडाची किंमत ढोबळ चाळीसएक पट घसरली हे धरले, तरी सहाचे अडीचशे होतात, आठ हजार चारशे होत नाहीत. काम वर्षानुवर्षे लांबले. सहा वर्षे एफ.ए. कपचा अंतिम सामना वेल्समध्ये, कार्डिफला खेळावा लागला. पोलादाचे काम करणाऱ्या कंपनीशी ठेकेदाराचे फाटले, प्रकरण कोर्टात गेले, कागदपत्रांच्या पाचशेहून अधिक जाड फायली झाल्या आणि नुसत्या झेरॉक्सचा खर्च १० लाख पौंड. आकड्यात हा जुन्या स्टेडियमच्या बांधकामखर्चापेक्षाही जास्त. उघडल्यावर हिरवळ धरेना. उंच भिंतींमुळे ऊन नाही, वारा नाही, आणि मधे मधे गाण्याचे कार्यक्रम. तीन वर्षांत दहा-अकरा वेळा गवत बदलले, शेवटी गवतात कृत्रिम तंतू शिवून घेतले तेव्हा कुठे मैदान टिकले. २०१८ साली शाहिद खान या पाकिस्तानात जन्मलेल्या अमेरिकन उद्योगपतीने स्टेडियमसाठी ६० कोटी पौंड देऊ केले आणि विरोध पाहून मागेही घेतले. बांधायला लागले त्याहून कमीच. एल्विनची आठवण होते.

जुन्या वेम्बलीचा राडारोडा गेला कुठे? तो काही मैलांवर नॉर्थोल्ट इथे, महामार्गाच्या कडेला ओतला. ६०,००० पेक्षा जास्त ट्रक भरतील एवढा माल, त्यात लंडनच्या दुसऱ्या एका प्रकल्पाचाही होता. ढिगारे टाकू देण्याचे पैसे ट्रकमागे आकारले, आणि त्याच पैशांतून तिथे उद्यान केले: चार शंकूच्या आकाराच्या टेकड्या, २००८ पासून सर्वांना खुल्या.

आता इतके संडास, इतके पोलाद, प्रत्येक दारावर इलेक्ट्रॉनिक मोजणी, कॅमेरे. ११ जुलै २०२१ रोजी युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला, इंग्लंड विरुद्ध इटली. साथीमुळे सगळ्या खुर्च्या भरायला परवानगी नव्हती. अधिकृत हजेरी ६७,१७३. बाहेर जमलेल्यांना आत वीस-बावीस हजार खुर्च्या रिकाम्या आहेत हे माहीत होते. तिकीट नसलेल्यांनी फाटकांवर धडका मारल्या, अपंगांसाठीची दारे फोडली, आत शिरले. किती? नंतर बॅरोनेस केसी यांनी चौकशी केली, आणि त्यांच्या अहवालातला आकडा आहे: सुमारे दोन हजार. जीवितहानी थोडक्यात टळली, असेही त्यात आहे.

पेनल्टींवर इटली जिंकली. शिक्षा म्हणून युरोपीय संघटनेने इंग्लंडला एक घरचा सामना प्रेक्षकांविना खेळायला लावला. तो वेम्बलीवर नव्हताच. ११ जून २०२२ रोजी वुल्व्हरहॅम्प्टनच्या मोलिनो मैदानावर झाला, पुन्हा इटलीशीच, आणि नियमातल्या सवलतीनुसार फक्त शाळकरी मुलांना आत सोडले. त्या दिवशी हजेरीबद्दल कुणाचेही दुमत झाले नाही.